डूलाला विचारले जाणारे प्रश्न रुग्णालयाला का विचारले जात नाहीत?

विशेष प्रतिनिधी

सातवा महिना लागला, की माहेरचे बोलावणे येण्याची पद्धत महाराष्ट्रात अजून मोडलेली नाही. पहिले बाळंतपण आईकडे, हा संकेत आजही असंख्य घरांत पाळला जातो. मात्र पुण्यातील बाणेर-हिंजवडी, ठाण्यातील घोडबंदर रस्ता किंवा नवी मुंबईच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या, दोघेही नोकरी करणाऱ्या काही जोडप्यांना या महिन्यात आणखी एक काम असते. ओळखीतून मिळालेल्या क्रमांकावर फोन करून ते एका अनोळखी स्त्रीची वेळ घेतात. ती डॉक्टर नसते, परिचारिका नसते आणि नात्यातलीही नसते. तिला डूला म्हणतात.

भेटीत विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कोणत्या रुग्णालयात नाव घालावे? तिथे डॉक्टर कळा येण्याची वाट पाहतात, की तारीख उलटली की लगेच दाखल करून घेतात? नवऱ्याला आत थांबू देतात का? टाके सरसकट घालतात का? पहिले सिझेरियन झाले असेल तर दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू देतात का? पाठीतल्या इंजेक्शनची सोय रात्रीही असते, की केवळ दिवसा?

हे प्रश्न पुन्हा एकदा वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचे अधिकृत उत्तर त्या रुग्णालयापाशी आहे. तरीही ते विचारले जातात तिसऱ्याच व्यक्तीला, तिचे शुल्क भरून. डूलाची लोकप्रियता हे पाश्चात्त्य फॅड आहे, असे म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. आपल्या प्रसूतिगृहांत नेमके काय मिळत नाही, याचा हिशेब त्या लोकप्रियतेत दडलेला आहे.

डूला हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सेवा करणारी स्त्री. बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी तो वापरात आणला मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी, १९७३ च्या सुमारास. त्याला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती ग्वाटेमालामधील एका अभ्यासाने. जॉन केनेल आणि मार्शल क्लाउस हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील रुग्णालयात कळा देणाऱ्या काही स्त्रियांजवळ एक सामान्य, अप्रशिक्षित स्त्री अखेरपर्यंत बसवली. ती हात धरी, पाठ चोळी, बोलत राही. एवढेच तिचे काम. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सोबत असलेल्या गटात दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, तर एकट्या स्त्रियांना १९.३ तास. अंतिम नमुना जेमतेम ४० जणींचा होता, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. मात्र पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतील २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत सिझेरियनची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळली, कळांचा काळ काहीसा आखडला आणि प्रसूतीच्या अनुभवाबद्दलची नाराजीही कमी दिसली. पुराव्याचा दर्जा फारसा उच्च नाही, हेही त्याच अहवालाने नोंदवले आहे.

यात नवे ते काय, असे आजीच्या पिढीतील कोणीही विचारील. गावातली सुईण तेच करीत होती. फरक इतकाच, की सुईण बाळंतपण स्वतः करी आणि अडलेल्या प्रसूतीत तिच्या हाताशी काहीही नसे. त्याची किंमत किती स्त्रियांनी मोजली, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे रुग्णालयात आणण्याचा जोर लावला आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीपर्यंत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होऊ लागल्या. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. हे यश लहान नाही. मात्र या स्थलांतरात सुईणीबरोबर तिची सोबतही घराच्या उंबऱ्याबाहेर राहून गेली. रुग्णालयाने सुरक्षितता दिली, सोबत दिली नाही.

वाट पाहण्याचा खर्च कोणी करायचा?

त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा शहरी वाचकांच्या अधिक ओळखीचा आहे. देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण १७.२ टक्के होते. सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. महाराष्ट्राची सरासरी २५.४ टक्के, म्हणजे चार बाळंतिणींत एक. शेजारच्या तेलंगणात तर ती ६० टक्क्यांवर पोहोचली आहे. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियन दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात अर्भकांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले होते.

या तफावतीचे खापर डॉक्टरांच्या पैशाच्या हव्यासावर फोडण्याची रीत आहे. पैशाचा संबंध नाही असे कोणी म्हणणार नाही, पण तो सांगितला जातो तितका सरळ नाही. महाराष्ट्रातील खासगी प्रसूतिसेवेचा मोठा भाग आजही दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये चालतो. अनेकदा तिथे एकच प्रसूतितज्ज्ञ असतो. तोच सकाळी शस्त्रक्रिया करतो, सायंकाळी बाह्यरुग्ण तपासतो आणि रात्री कळा सुरू झालेल्या बाईसाठी उठतो. पहिलटकरणीच्या कळांचा जोराचा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हा टप्पा गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू झाला असे मानावे आणि ताशी एक सेंटिमीटरचा जुना दंडक मोडला एवढ्याच कारणाने हस्तक्षेप करू नये, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे थांबा. पण थांबायचे कोणी? सिझेरियन तासाभरात आटोपते, भूलतज्ज्ञाला वेळ देऊन बोलावता येते. बारा तास शेजारी बसून राहण्याचे वेगळे बिल कोणत्याही पॅकेजमध्ये नसते. त्यातच बाळाला काही झाले तर नातेवाईकांचा जमाव आणि ग्राहक न्यायालय यांची टांगती तलवार असते. वाढलेले वय, मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्वावरील उपचारांनंतरची गर्भधारणा ही कारणेही खरी आहेत. आणि चांगल्या मुहूर्तावर मूल काढून द्या असा आग्रह धरणारी कुटुंबे कमी नाहीत, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

इंग्लंडसारख्या देशांत हे वाट पाहण्याचे काम मिडवाइफ करते. ती प्रशिक्षित आणि नोंदणीकृत असते, सामान्य प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करते आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरांना बोलावते. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये ती जागा रिकामी आहे. तिच्याऐवजी शहरातील सुस्थित वर्गाने बाजारातून डूला आणली. मात्र ही जागा डूलाची नव्हे, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो.

सल्ला कुठपर्यंत?

डूलाने काय करावे याबद्दल तिला प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे संकेत बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. उत्तर अमेरिकेतील डोना ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार डूलाने आतून तपासणी करायची नाही, बाळाचे ठोके मोजायचे नाहीत, औषध सुचवायचे नाही आणि गर्भवतीच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही. कळा सुसह्य करणाऱ्या स्थिती, श्वसन, चालणे, पाठीला शेक, पतीला कामाला लावणे आणि स्त्रीला स्वतःचे प्रश्न विचारण्याचे धैर्य देणे, एवढी तिची कक्षा. भारतात मात्र डूलाची नोंदणी करणारी कोणतीही वैधानिक परिषद नाही. काही दिवसांचे ऑनलाइन प्रशिक्षण घेतलेली स्त्री आणि शेकडो प्रसूती पाहिलेली स्त्री, दोघींच्या नावापुढे एकच शब्द लागतो. डॉक्टरांची चूक झाल्यास वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. डूलाच्या सल्ल्याने घोटाळा झाला तर तक्रार कोणाकडे न्यायची, याचे उत्तर ग्राहक मंचापलीकडे जात नाही.

म्हणून वर दिलेल्या प्रश्नांकडे पुन्हा वळावे लागते. ते वरवर सारखे दिसले तरी त्यांची जात वेगळी आहे. कळा कशा सुरू होतात, दाखल केव्हा व्हावे, आडवे पडून राहण्याऐवजी बसता-चालता येते का, हे डूलाला निःशंकपणे विचारावे. पंधरा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टर जे सांगत नाहीत ते ती तासभर बसून सांगते. पण पहिल्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावा का, हा त्या जातीचा प्रश्न नाही. योग्य निवड केल्यास अशा चार स्त्रियांपैकी जवळपास तिघींची प्रसूती यशस्वी होते, हे खरे. त्याचबरोबर दोनशेत सुमारे एकीचा जुना व्रण कळा देताना उकलतो, आणि तेव्हा हाताशी काही मिनिटेच असतात. आधीचा छेद कसा घेतला होता, मधे किती काळ गेला, रुग्णालयात मध्यरात्री शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध आहे का, हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. बाळ पायाळू असणे, वार खाली असणे, रक्तदाब चढणे, बाळाची हालचाल मंदावणे याही बाबतीत तेच. ‘अजून थोडे थांबा, डॉक्टर घाई करताहेत’ हे वाक्य अशा वेळी डूलाने उच्चारले तर ती सोबतीण राहत नाही. परवाना नसलेली डॉक्टर होते.

उलट बाजूही तितकीच खरी. डूला आत आली की आपल्यावर पाळत ठेवली जाते, अशी भावना अनेक प्रसूतितज्ज्ञांत असते, आणि काही रुग्णालये तिला प्रवेशच नाकारतात. कारण संसर्गाचे दिले जाते. प्रत्यक्षात जाचतो तो तिने आधीच शिकवून ठेवलेला प्रश्न: ‘हे आत्ताच का करायचे, आणि न केल्यास काय होईल?’ वास्तविक हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच मान्य केला आहे. रोगनिदानापुरती संमती दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय ती भुलेखाली असताना, आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. त्या प्रकरणात न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असे निकालात नमूद आहे. कळांच्या ऐन भरात पुढे केलेल्या छापील कागदावर नवऱ्याने केलेली सही या कसोटीला कितपत उतरते, हे ज्याने त्याने ठरवावे.

राहिले ते आकड्यांचे आणि नियमांचे प्रश्न. या रुग्णालयात किती सिझेरियन होतात? डूला आपल्या अनुभवावरून सांगते, आणि तो अनुभव दहा-वीस बाळंतपणांचा असतो. शिवाय नुसती टक्केवारी फसवी असते. गुंतागुंतीच्या केसेस जिथे पाठवल्या जातात त्या मोठ्या रुग्णालयाचा आकडा फुगलेला दिसणारच. यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रॉब्सन यांच्या दहा गटांच्या वर्गीकरणाची शिफारस केली. पहिलटकरीण, पूर्ण दिवस भरलेले, एकच बाळ, डोके खाली आणि कळा आपणहून सुरू झालेल्या, अशा स्त्रियांपैकी किती जणींचे सिझेरियन झाले, हा त्यातला पहिला गट. नाव घालण्यापूर्वी रुग्णालयाला विचारायचा आकडा हाच आहे. तो रुग्णालयाच्या नोंदवहीतून सहज काढता येतो, पण दर्शनी फलकावर क्वचितच दिसतो.

तो दिसावा यासाठी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जाला लाखाहून अधिक सह्या मिळाल्या आणि २०१७ मध्ये तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मेनका गांधी यांनी तो विषय आरोग्य मंत्रालयापुढे नेला. त्यानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील संलग्न रुग्णालयांना सिझेरियन आणि सामान्य प्रसूतींचे प्रमाण दर्शनी भागात लावण्यास सांगण्यात आले. इतर रुग्णालयांना मात्र हा निर्देश लागू नव्हता. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले; रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. खाटेचा दर भिंतीवर आला, सिझेरियनचे प्रमाण आले नाही.

सोबतीचेही तसेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू देण्यास मान्यता दिली. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, स्वच्छ कपडे घालावेत, संसर्गजन्य आजार नसावा, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि इतर स्त्रियांकडे लक्ष देऊ नये, अशा अटी आहेत. जिथे आडोसा आहे तिथे पतीलाही मुभा देता येते. अटी वाचल्यावर लक्षात येते, की आई, सासू, थोरली जाऊ, शेजारची काकू यांपैकी कोणीही चालेल. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांच्या दर्जाच्या निकषांत या सोबतीला स्थान दिले. अडचण जागेची आहे. दोन टेबलांमध्ये पडदाही नसलेल्या कक्षात एकीची सोबतीण म्हणजे दुसरीची बेअब्रू, आणि परिचारिका दारातच अडवते. पडद्याचा खर्च किती, हे कोणत्याही महापालिकेच्या भांडार विभागाला ठाऊक असावे.

वाट पाहणाऱ्या प्रशिक्षित हातांची उणीव सरकारनेही मान्य केली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून नोंदणीकृत परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आखले. त्याआधीच, २०१७ मध्ये, सिझेरियनच्या आकड्यांनी अस्वस्थ झालेल्या तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीने सरकारी परिचारिकांना असे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला होता. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत झाला. खासगी नर्सिंग होमच्या गणितात या मिडवाइफचा पगार कोणत्या रकान्यात बसणार, हे मात्र त्यातून ठरत नाही. प्रसूतितज्ज्ञांची संघटना फॉग्सी ‘मान्यता’ या उपक्रमातून खासगी प्रसूतिगृहांना सोळा निकषांवर प्रमाणपत्र देते. नाव घालताना ते आहे का, हे विचारायला हरकत नसावी.

तूर्तास डूलाचे शुल्क कुटुंबच भरते. आरोग्यविम्याच्या बिलात ते सहसा बसत नाही. ज्यांना ते परवडते त्यांच्यासाठी एवढे शहाणपण पुरे, की तिला दाखल होण्याआधी डॉक्टरांसमोर बसवावे, तिने काय करायचे आणि काय नाही हे तिघांत बोलून घ्यावे आणि रुग्णालय तिला आत घेणार का याचे उत्तर लेखी मागावे. शेवटच्या घटकेला दारात वाद घालण्यात बाळंतिणीचाच जीव टांगणीला लागतो.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक सोबतीण सरकारने कागदावर केव्हाच नेमली आहे. जननी सुरक्षा योजनेनुसार आशा सेविकेने गरोदर स्त्रीला रुग्णालयात आणायचे आणि तिच्याबरोबर थांबायचे असते. ती थांबतेही. वस्तीतून रिक्षाने पोटुशीला घेऊन आलेली आशा नोंदणीच्या खिडकीपासून प्रसूतिकक्षापर्यंत येते, आणि तिथून पुढे अनेक ठिकाणी तिची जागा बाहेरच्या बाकावर असते.